द्रवत्व : सांसिद्धिक की नैमित्तिक? — टायटनवरील अतिशैत्य आणि द्रव्याच्या अवस्था

१. प्रश्नाचे स्वरूप

वैशेषिक दर्शनात द्रवत्व हा एक स्वतंत्र गुण मानला असून त्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. पाण्याचे द्रवत्व सांसिद्धिक, म्हणजे स्वभावसिद्ध. तर तूप, लाख, सुवर्ण इत्यादिकांचे द्रवत्व नैमित्तिक, म्हणजे अग्निसंयोगासारख्या निमित्ताने उत्पन्न होणारे. ह्या भेदामागील निरीक्षण खोटे नाही. पुण्यात मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत बरणीतील तूप आणि बाटलीतील खोबरेल तेल थिजते, व उबेला ठेवले की पुन्हा पातळ होते. परंतु माठातील पाणी येथे कोणत्याही ऋतूत पातळच राहते. हिम व गारा ही ह्या मताला अडचण आहे, हे प्राचीन विवेचकांच्या ध्यानात आले होते. तेथे पाण्याचे स्वाभाविक द्रवत्व काही कारणाने प्रतिबद्ध झालेले असते, असे त्यांनी समाधान केले. स्वभाव तोच, फक्त त्याला अडथळा आला, असा त्याचा अर्थ.

आधुनिक पदार्थविज्ञानाने हा भेद टाकून दिला असला, तरी त्यामागील मनोवृत्ती आपल्या भाषेत अद्याप शिल्लक आहे. नत्रवायू व प्राणवायू ही नावेच पाहावीत. मूलद्रव्याच्या नावातच त्याची अवस्था गोवलेली आहे. इतकी की ‘घन नत्रवायू’ हा शब्दप्रयोग व्याघातासारखा वाटतो. ह्या नावांनी जे गृहीत धरले आहे, ते द्रव्याविषयी नसून आपल्या निवासस्थानाविषयी आहे. सुमारे ३०० केल्विन तापमान आणि एक बार दाब ह्या परिस्थितीत ज्याची जी अवस्था, ती त्याची प्रकृती, असे आपण नकळत मानतो.

हे गृहीत कोठवर टिकते, याची परीक्षा घेण्यास शनीचा टायटन हा उपग्रह फार सोयीचा आहे. तेथील भूपृष्ठाचे तापमान ९४ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे १७९ अंश सेल्सिअस आहे. प्रस्तुत लेखात ह्या शैत्याचा तेथील द्रव्यांच्या अवस्थांवर होणारा परिणाम विशद करावयाचा आहे. आणि त्याबरोबरच हेही दाखवावयाचे आहे, की अवस्था ठरविणारे निमित्त म्हणून केवळ शैत्य पुरेसे नसते. दाब व मिश्रण यांचा विचार न करता काढलेली अनुमाने ह्याच विषयात एकदा चुकली आहेत.

२. तापमान, दाब आणि क्रांतिक बिंदू

अवस्था ही तापमान व दाब ह्या दोहोंवर अवलंबून असते, हे समजण्यास दूर जाण्याचे कारण नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० अंशांवर नव्हे, तर सुमारे ९८ अंशांवर उकळते. याहून बोधप्रद उदाहरण इंधनाचे आहे. स्वयंपाकघरातील सिलिंडर हलविला असता आत द्रव हिंदकळल्याचे जाणवते. तो प्रोपेन व ब्युटेन यांचा द्रव असून नेहमीच्या तापमानास काही थोड्या बार दाबानेच तो द्रवरूपात राहतो. याउलट शहरातील रिक्षांत जो नैसर्गिक वायू भरतात, तो मुख्यतः मिथेन होय. त्याच्यावर सुमारे २०० बार दाब असूनही टाकीत द्रवाचा थेंब नसतो. याचे कारण असे, की मिथेनचे क्रांतिक तापमान १९०.६ केल्विन आहे, आणि क्रांतिक तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचे द्रवीकरण होत नाही. मिथेनला द्रव करावयाचे तर शैत्य अपरिहार्य आहे.

पुढील विवेचनास लागणारे आकडे येथे एकत्र दिले आहेत. प्रत्येक ओळीत अनुक्रमे त्रिक बिंदूचे तापमान, एक वातावरण दाबास उत्कलनबिंदू व क्रांतिक तापमान केल्विनमध्ये आहे.

पाणी : २७३.२ — ३७३.१ — ६४७.१
इथेन : ९०.४ — १८४.६ — ३०५.३
मिथेन : ९०.७ — १११.७ — १९०.६
नायट्रोजन : ६३.२ — ७७.४ — १२६.२

त्रिक बिंदू म्हणजे घन, द्रव व बाष्प ह्या तिन्ही प्रावस्था जेथे एकत्र समतोलात नांदतात तो बिंदू. त्या बिंदूच्या दाबापेक्षा कमी दाब असेल तर, नेहमीच्या द्रव्यांच्या बाबतीत, द्रवावस्था संभवतच नाही; घनाचे थेट बाष्प होते. मिथेनच्या त्रिक बिंदूचा दाब सुमारे ११७ मिलिबार, पाण्याचा सुमारे ६ मिलिबार आहे.

३. टायटनची परिस्थिती

क्रिस्तियान हायगेन्स याने १६५५ साली टायटनचा शोध लावला. त्याचा व्यास ५,१५० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही अधिक आहे. १९४४ साली जेरार्ड कायपर याने टायटनच्या वर्णपटात मिथेनच्या शोषणरेषा दाखविल्या आणि ह्या उपग्रहास वातावरण असल्याचे सिद्ध झाले. परंतु त्या वातावरणाचा मुख्य घटक कोणता, हे कळण्यास १९८० चा नोव्हेंबर उजाडावा लागला. व्हॉयेजर-१ हे यान तेव्हा टायटनजवळून गेले, आणि वातावरण प्रामुख्याने नायट्रोजनचे असून पृष्ठभागी दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे दीडपट आहे, असे आढळले. नारिंगी धुक्यामुळे पृष्ठभाग मात्र दिसला नाही.

१४ जानेवारी २००५ रोजी कॅसिनी यानाने सोडलेले हायगेन्स हे उपयान टायटनवर उतरले. त्याने मोजलेले पृष्ठभागाचे तापमान सुमारे ९३.७ केल्विन व दाब १,४६७ मिलिबार होता. पृष्ठभागाजवळच्या वातावरणात मिथेनचे प्रमाण सुमारे पाच टक्के आढळले. पुढील सर्व विवेचन ह्या तीन आकड्यांवर उभे आहे.

४. मिथेन : पाण्याच्या जागी

कोष्टकावरून पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की टायटनचे तापमान मिथेनच्या त्रिक बिंदूच्या किंचितच वर आहे. ९४ ला ९०.७ ने भागिले असता १.०४ येतात. पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे २८८ केल्विन धरून त्यास पाण्याच्या त्रिक बिंदूने, म्हणजे २७३.२ ने भागिले असता १.०५ येतात. टायटनचे मिथेनशी असलेले नाते पृथ्वीच्या पाण्याशी असलेल्या नात्यासारखे आहे, असे जे म्हटले जाते ते अलंकारिक विधान नव्हे. त्याला हा अंकगणिती आधार आहे. त्रिक बिंदूच्या निकट असलेले द्रव्यच एका परिसरात द्रव व बाष्प अशा दोन रूपांत वावरू शकते. ढग, पाऊस व जलाशय यांचे चक्र त्यातूनच निर्माण होते.

आता आर्द्रतेचा हिशेब करू. ९४ केल्विनच्या सुमारास मिथेनचा संपृक्त बाष्पदाब सुमारे १७० मिलिबार असतो. प्रत्यक्ष अंशिक दाब १,४६७ च्या पाच टक्के, म्हणजे ७२-७३ मिलिबार आहे. अर्थात मिथेनची सापेक्ष आर्द्रता चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या दरम्यान येते. हायगेन्स जेथे उतरले तेथे हवा कोरडी नव्हती. पण संपृक्तही नव्हती. जमीन मात्र ओलसर असावी. उपयान स्थिरावल्यानंतर मिथेनच्या नोंदीत वाढ झाली. उपयानाच्या उष्णतेने मातीतील द्रव मिथेनचे बाष्पीभवन झाले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

येथे पृथ्वीशी असलेले साम्य संपते व भेद सुरू होतो. १५ अंश सेल्सिअसला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब १७ मिलिबार, म्हणजे वातावरणदाबाच्या दोन टक्क्यांहूनही कमी असतो. टायटनवर हेच प्रमाण अकरा-बारा टक्के आहे. तेथील हवा कितीतरी अधिक बाष्प धारण करू शकते. परंतु ते बाष्प उत्पन्न करण्यास लागणारी ऊर्जा तेथे दुर्मिळ आहे. शनीच्या अंतरावर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने सुमारे नव्वदाव्या हिश्शाइतका पोहोचतो, आणि त्यातीलही अल्प भागच धुक्यातून भूपृष्ठावर येतो. मिथेनची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता पाण्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी असल्याने ही उणीव थोडी भरून निघते, पूर्णपणे नव्हे. परिणामी एका जागी पाऊस क्वचित, परंतु पडला तर मुसळधार, असे तेथील पर्जन्यमान असावे. २०१० साली विषुववृत्तानजीक मोठे ढग दिसल्यानंतर भूपृष्ठाचा विस्तीर्ण पट्टा काळवंडल्याचे कॅसिनीने टिपले. तो पावसाने भिजलेल्या जमिनीचा रंग होय.

पावसाचे थेंबही आपल्या ओळखीचे नव्हेत. टायटनवरील गुरुत्वीय प्रवेग १.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका आहे, आणि हवा आपल्या हवेच्या सुमारे चौपट घन आहे. गणितावरून थेंबाचा व्यास ९ मिलिमीटरच्या वर जाऊ शकतो व तो सेकंदास सुमारे दीड मीटर वेगाने खाली येतो. वळवाचा टपोरा थेंब पृथ्वीवर याच्या पाच-सहापट वेगाने आदळतो.

२००६ साली कॅसिनीच्या रडारने उत्तर ध्रुवप्रदेशात सरोवरे शोधली. त्यांतील सर्वांत मोठ्या क्राकेन सागराचे क्षेत्र महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटर क्षेत्रापेक्षाही अधिक आहे. लिजिया सागराची खोली रडारच्या प्रतिध्वनींवरून सुमारे १६० मीटर मोजली गेली. रडारलहरी तळापर्यंत जाऊन परत येऊ शकल्या, याचे कारण तो द्रव मुख्यतः मिथेनचा असून अशा लहरींना जवळजवळ पारदर्शक आहे.

५. पाणी : खडकाच्या जागी

मिथेनने पाण्याची जागा घेतली, तर पाण्याने कोणती जागा घेतली? ९४ केल्विनला बर्फाचा बाष्पदाब इतका नगण्य असतो की त्याचे संप्लवन व्यवहारतः थांबते. मिथेनमध्येही बर्फ जवळजवळ अविद्राव्य आहे. असे हे कठीण, अविद्राव्य व अबाष्पशील द्रव्य भूविज्ञानाच्या दृष्टीने खडकच होय. हायगेन्सने पाठविलेल्या चित्रांत उतरण्याच्या जागी काही सेंटिमीटर आकाराचे गोटे दिसतात. ते बहुधा बर्फाचे असून नदीतील गोट्यांप्रमाणे गुळगुळीत आहेत. प्रवाहाने वाहून आणल्यावाचून त्यांना हा आकार येणार नाही.

पुण्याच्या वाचकाला ह्या अदलाबदलीचा मर्मार्थ पायाखालच्या कातळावरून कळू शकेल. दख्खनचा काळा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचा द्रव होता आणि थरावर थर पसरत गेला. आज त्याला आपण ‘द्रव, परंतु गोठलेला’ असे म्हणत नाही, दगड म्हणतो. टायटनवरून पाहणाऱ्यास पाण्याचेही असेच वाटेल. त्याच्या दृष्टीने पाणी हा खोल उदरातील उष्णतेने वितळणारा एक खनिज पदार्थ असेल, आणि ते पृष्ठावर आले तर लाव्हारसाप्रमाणे वाहून गोठून जाईल. अशा जलज्वालामुखींची काही संशयास्पद स्थळे सांगितली जातात. निर्विवाद पुरावा मिळालेला नाही. उदरात मात्र पाणी वितळलेले असावे, असे २०१२ साली भरती-ओहोटीच्या विरूपणाच्या मोजणीवरून अनुमान करण्यात आले. तो सलग महासागर आहे की बर्फ व पाणी यांचा रबडीसारखा थर, ह्याविषयी मतभेद आहेत. अमोनिया मिसळलेला असल्यास मिश्रण १७६ केल्विनपर्यंत द्रव राहू शकते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते.

६. मिश्रणाचे महत्त्व

आतापर्यंतचे विवेचन शुद्ध द्रव्यांच्या आकड्यांवर चालले. परंतु शुद्ध मिथेनची प्रावस्थाकृती घेऊन टायटनचे सागर समजणार नाहीत. तेथील नायट्रोजन ९४ केल्विनला वायूच आहे. त्या तापमानास त्याचे द्रवीकरण व्हावयाचे तर सुमारे पाच बार दाब लागेल. तथापि तो द्रव मिथेनमध्ये मोठ्या प्रमाणावर विरघळतो. त्यामुळे राऊल्टच्या नियमास अनुसरून मिथेनचा बाष्पदाब उतरतो आणि गोठणबिंदूही ९०.७ च्या खाली जातो. शुद्ध मिथेनचे सागर तीन-चार अंशांच्या थंडीने थिजले असते. नायट्रोजन त्यांना त्यापासून राखतो.

हा विरघळलेला नायट्रोजन नेहमी शांत राहत नाही. थंड द्रवात तो अधिक, उबदार द्रवात कमी विरघळतो. मिथेनमध्ये अधिक, इथेनमध्ये कमी. म्हणून द्रव थोडा तापला किंवा त्यात इथेनचा ओघ मिसळला, तर सोडावॉटरच्या बाटलीप्रमाणे नायट्रोजनचे बुडबुडे उसळू शकतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. २०१३ साली लिजिया सागरात रडारला एक उजळ ठिपका दिसला आणि पुढे नाहीसा झाला. बुडबुडे हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

गोठण्याच्या बाबतीतही पाण्यावरून केलेले अनुमान फसते. पाण्याचा बर्फ हायड्रोजन-बंधांच्या मोकळ्या जाळीमुळे पाण्यावर तरंगतो, आणि तलाव वरून गोठतो. मिथेनच्या रेणूंत असे बंध नाहीत; घन मिथेन द्रवापेक्षा जड असल्याने तळाशी जाते. पाण्याचा बर्फही तेथे बुडतो, कारण द्रव मिथेनची घनता त्याच्या जवळजवळ निम्मी आहे. तरंगणारे बर्फ ही सर्वसामान्य गोष्ट नसून पाण्याचा अपवाद आहे, हे येथे स्पष्ट होते.

ह्या संदर्भात एक इतिहास नमूद करण्याजोगा आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी मिथेनचे विघटन होऊन इथेन तयार होते, आणि ९४ केल्विनला इथेन द्रव असते. ह्या दोन बरोबर विधानांवरून टायटनवर इथेनचा जगद्व्यापी महासागर असला पाहिजे, असे १९८३ मध्ये सुचविण्यात आले. कॅसिनीला असा महासागर आढळला नाही. विषुववृत्तावर तर सेंद्रिय कणांच्या वाळूच्या टेकड्या निघाल्या, आणि लिजिया सागरात इथेनपेक्षा मिथेनच अधिक आढळले. अवस्थेचे अनुमान बरोबर होते. द्रव्य कोठे साठते व कशात अडकते, याचे नव्हते. बर्फाच्या जाळीत वायूचे रेणू कोंडून बनणारी संपंजरे, सच्छिद्र कवच व मिश्र स्फटिक यांत ते इथेन दडले असावे, असा आता कयास आहे.

७. शैत्य एकटे पुरेसे नाही

अतिशैत्य असले की द्रव्ये द्रव होतील, असेही समजू नये. आपल्या चंद्राच्या ध्रुवांजवळ कायम छायेत असलेल्या विवरांचे तापमान काही ठिकाणी ४० केल्विनच्याही खाली आहे. म्हणजे ती टायटनपेक्षा कितीतरी थंड आहेत. परंतु तेथे वातावरणाचा दाब नाही. परिणामी कोणतेही द्रव संभवत नाही. बर्फ घनरूपात टिकते किंवा थेट बाष्प होते.

नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन हे दुसरे उदाहरण. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ ने त्याचे तापमान सुमारे ३८ केल्विन असल्याचे दाखविले. टायटनवर जो नायट्रोजन हवा आहे, तोच येथे पांढऱ्या बर्फाच्या रूपाने भूमी झाला आहे, आणि त्या बर्फाचा बाष्पदाब हेच वातावरण. तो दाब पृथ्वीवरील दाबाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास आहे. नायट्रोजनच्या त्रिक बिंदूचा दाब सुमारे १२५ मिलिबार असल्याने ट्रायटनच्या पृष्ठावर द्रव नायट्रोजन राहू शकत नाही. ऋतुमानाप्रमाणे एका गोलार्धातील बर्फाचे संप्लवन होते व दुसऱ्यात ते पुन्हा साचते. म्हणजे टायटनवर सागर आहेत ते तो थंड आहे म्हणून नव्हे. तो योग्य तेवढा थंड आहे आणि त्याचबरोबर त्यावर दीड बार दाब आहे, म्हणून.

८. द्रव आहे, पण रसायन?

जेथे द्रव तेथे जीवनाची शक्यता, असा विचार टायटनच्या बाबतीत वारंवार मांडला जातो. अवस्थेच्या विचाराला येथे गतिविज्ञानाची जोड द्यावी लागते. मोलमागे ५० किलोज्यूल सक्रियण-ऊर्जा असलेली एक सामान्य विक्रिया घेऊ. आऱ्हेनियसच्या सूत्राप्रमाणे घातांक २९८ केल्विनला उणे २०.२ व ९४ केल्विनला उणे ६४.० येतो. दोहोंतील अंतर ४३.८, म्हणजे वेग सुमारे १० च्या १९ व्या घाताने उतरतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत एका सेकंदात घडणाऱ्या ह्या विक्रियेला टायटनवर विश्वाच्या वयाच्या वीसपटीहून अधिक काळ लागेल. शिवाय मिथेन हा अध्रुवीय द्रव. क्षार, शर्करा व प्रथिने यांना तो विरघळवीत नाही. द्रवत्व हे जीवनाच्या माध्यमाचे एक लक्षण आहे, पुरेसे लक्षण नव्हे.

याचा अर्थ तेथे रसायन नाही, असा नव्हे. वरच्या वातावरणात अतिनील किरण व विद्युत्भारित कण ही ऊर्जा पुरवितात, आणि तेथे तयार झालेली नायट्राइले व हायड्रोकार्बने कोट्यवधी वर्षे खाली साचत आहेत. एखाद्या अशनीच्या आघाताने बर्फ वितळून काही काळ द्रव पाणी व ही सेंद्रिय द्रव्ये एकत्र आली, तर काय घडते, हा खरा प्रश्न आहे. जुलै २०२८ मध्ये प्रक्षेपणाचे नियोजन असलेले ड्रॅगनफ्लाय हे उड्डाणक्षम यान २०३४ मध्ये टायटनवर पोहोचून सेल्क ह्या आघातविवराच्या परिसरात त्याचा शोध घेईल, अशी योजना आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून द्रवत्व सर्वत्र नैमित्तिकच आहे, हे मान्य करावे लागते. पाण्याचे द्रवत्व तुपाच्या द्रवत्वाहून जातीने भिन्न नाही. त्याचे निमित्त आपल्याभोवती सदैव उपस्थित असल्याने ते आपल्याला दिसत नाही, एवढेच. वैशेषिकांची निरीक्षणे सूक्ष्म होती. त्यांच्या निष्कर्षाला मर्यादा आली ती निरीक्षणाच्या एकाच परिसराने. आणि ‘नत्रवायू’ म्हणताना ती मर्यादा आपणही पाळीत असतो.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना निघते. द्रव नायट्रोजन हे आज प्रयोगशाळांतील नित्याचे द्रव्य असून ते ७७ केल्विनला उकळते. म्हणजे प्रयोगशाळेतील निर्वातपात्र टायटनपेक्षा सतरा अंशांनी थंड आहे. टायटनचे तापमान निर्माण करणे हे दुर्घट कार्य नव्हे. उलट द्रव नायट्रोजनात नुसते बुडविलेले मिथेन थिजूनच जाईल, म्हणून तापमान वर आणून ९४ केल्विनवर स्थिर राखणे, हे कौशल्य आहे. दुर्मिळ आहेत ती मिश्रणांवरील विश्वसनीय मोजमापे : मिथेन, इथेन व नायट्रोजन यांच्या निरनिराळ्या प्रमाणांतील विद्राव्यता, घनता, श्यानता व गोठणबिंदू. १९८३ च्या महासागराची कथा हेच सांगते, की शुद्ध द्रव्यांचे आकडे कितीही अचूक असले तरी निसर्गात बहुधा मिश्रणेच असतात. ज्वालाग्राही वायूंच्या हाताळणीची योग्य दक्षता बाळगून असे काम पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या आवाक्यात येऊ शकते, आणि त्याचा उपयोग एका दूरच्या उपग्रहाच्या सागरांचे यथार्थ ज्ञान होण्यास होईल.